लाल लघवी, उतरलेला सी-थ्री आणि रिपोर्टवरची तारीख

लॅबच्या खिडकीतून रिपोर्ट हातात पडला की बहुतेक आईवडील आधी ठळक अक्षरांतले आकडे शोधतात. जो आकडा ठळक, तो वाईट. मग त्यावर बोट ठेवून विचारतात, "ताई, हे काय वाढलंय? किडनी गेली का?" मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. खिडकीत उभ्याउभ्या या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही आणि त्याचं मला दरवेळी वाईट वाटतं. एका आजारात तर फारच. घशाला किंवा कातडीला जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर काही दिवसांनी मूत्रपिंडाला सूज येते, तो हा आजार. यात रिपोर्टवरचे बरेच आकडे ठळक छापले जातात आणि तरीही बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. उलट कधी मूल खेळायला लागलेलं असतं, लघवी स्वच्छ झालेली असते आणि परत करायचीच राहून गेलेली एक तपासणी वेगळंच काही सांगू शकली असती. म्हणून हे सगळं एकदा निवांतपणे लिहिते आहे.

आठ वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. दोन आठवड्यांपूर्वी तिला ताप आला होता, घसा दुखत होता, गिळताना रडायची. चार दिवसांत बरी झाली, शाळेत जायला लागली. आता सकाळी उठल्यावर तिचे डोळे सुजलेले दिसतात. आईला वाटतं, झोप जास्त झाली असेल. दुसऱ्या दिवशी पायातले मोजे काढले तर रबराचे वळ खोल उमटलेले. तिसऱ्या दिवशी ती सांगते, "आई, शू चहासारखी झालीये." कोऱ्या चहासारखी, कधी कोका-कोलासारखी, कधी मांस धुतलेल्या पाण्यासारखी. शूचं प्रमाणही कमी झालेलं असतं. रक्तदाब मोजला तर वयाच्या मानानं बराच जास्त निघतो. लहान मुलाचा रक्तदाब मोजायचं बऱ्याचदा राहूनच जातं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

घसा दुखवणारा जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकोकस, त्यातल्या 'ए' गटातला. मूत्रपिंड सुजतं तेव्हा हा जंतू मूत्रपिंडात नसतो. तो तिथे गेलेलाच नसतो. त्याच्याशी लढायला शरीरानं प्रतिपिंडं तयार केली, ती जंतूच्या प्रथिनांना चिकटली आणि हा लगदा रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुंत्यात, म्हणजे ग्लोमेरुलसमध्ये, जाऊन अडकला. जंतूची काही प्रथिनं आधी तिथे जाऊन बसतात आणि प्रतिपिंडं त्यांना तिथेच गाठतात, असंही होतं. एका मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख गुंते असतात. त्यांत पांढऱ्या पेशी जमतात, भिंती सुजतात, जागा अरुंद होते. गाळणं मंदावतं म्हणून लघवी कमी, मीठ-पाणी अंगात साठतं म्हणून सूज आणि रक्तदाब. आणि जिथे भिंत फाटते तिथून रक्त निसटतं म्हणून लाल रंग.

हे सगळं व्हायला वेळ लागतो. घशाच्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे, कातडीच्या संसर्गानंतर तीन ते सहा. स्कार्लेट फीव्हर म्हणजे याच जंतूमुळे अंगावर लाल पुरळ उठवणारा ताप; त्यानंतर मधले काही दिवस बरे जातात आणि मगच मूत्रपिंड बिघडतं, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नातल्या डॉक्टरांना खटकलं होतं. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक तिथे घोड्याच्या सीरमच्या इंजेक्शननंतर येणाऱ्या आजाराचा अभ्यास करत होते. तिथेही असंच मधलं अंतर दिसायचं. विष असतं तर लगेच बाधलं असतं. उशीर होतो, म्हणजे शरीर स्वतः काहीतरी तयार करतंय, हा विचार तिथून पुढे आला. आजही या आजाराचा कुठलाही रिपोर्ट वाचताना मी आधी तारीख बघते आणि संसर्ग कधी झाला होता ते विचारते. त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

लघवीचा थेंब

लघवी लाल दिसली म्हणजे रक्तच असेल असं नाही. बीट खाऊन ती गुलाबी होते, क्षयाच्या औषधातल्या रिफाम्पिसिननं केशरी होते. म्हणून आधी पट्टी बुडवतात. पट्टीवरचा रक्ताचा चौकोन पिवळ्याचा हिरवा झाला, तर त्यात हिमोग्लोबिन किंवा त्याच्यासारखंच स्नायूंमधलं मायोग्लोबिन आहे. बिटानं तो हिरवा होत नाही. पण पट्टी हिमोग्लोबिन ओळखते, पेशी ओळखत नाही. पेशी बघायला मायक्रोस्कोपच लागतो.

लघवी नळीत घेऊन यंत्रात गरगर फिरवतात, तळाशी बसलेला गाळ काचेवर घेतात आणि भिंगाखाली बघतात. रिपोर्टवर 'आरबीसी' समोर 'प्रति हाय पॉवर फील्ड' असं लिहिलेलं असतं, म्हणजे भिंगातून एका नजरेत दिसलेल्या तांबड्या पेशी. एरवी दोन-चार दिसतात. या मुलीच्या गाळात त्या मोजताच येत नाहीत, म्हणून रिपोर्टवर नुसतं 'भरपूर' लिहितात.

यापुढचं काम मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतं. त्या पेशींचा आकार बघायचा. मूतखड्यामुळे किंवा मूत्राशयातून आलेलं रक्त असेल तर पेशी गोल, गुळगुळीत, एकसारख्या असतात. गाळणीच्या फाटक्या भिंतीतून दाबून बाहेर आलेल्या आणि पुढे लांबलचक नलिकांमधून खारट-आंबट पाण्यात भिजत आलेल्या पेशी मात्र वेड्यावाकड्या होतात. कुणाला कानासारखे फुगवटे येतात, कुणी चिमलेली असते. रिपोर्टवर 'डिस्मॉर्फिक' असा शब्द असेल तर त्याचा अर्थ हा.

आणि मग कास्ट. मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये एक चिकट प्रथिन सतत पाझरत असतं. लघवी कमी आणि दाट झाली की ते नळीतच थिजतं. वाटीत दाबलेल्या भाताची मूद वाटीचा आकार घेऊन उतरते, तसं ते नळीचा आकार घेऊन लघवीत उतरतं. थिजताना जवळपास तांबड्या पेशी असतील तर त्या मुदीतल्या दाण्यांसारख्या आत अडकतात. तांबूस-तपकिरी, दंडगोल, आत पेशी ठासून भरलेल्या. हा 'आरबीसी कास्ट' दिसला की रक्त मूत्रपिंडातूनच आलं आहे, त्याबद्दल जवळजवळ शंका उरत नाही, कारण ही मूद पाडणारी वाटी शरीरात दुसरीकडे कुठेच नाही.

मात्र ही मूद फार नाजूक असते. नमुना तीन-चार तास टेबलावर पडून राहिला की ती मोडते, पेशी विरघळतात. लांबच्या कलेक्शन सेंटरवरून दुपारच्या गाडीनं आलेल्या बाटलीत कास्ट सापडला नाही, तर तो नव्हताच असं म्हणता येत नाही. लघवी ताजी द्यावी, शक्यतो सकाळची पहिली, आणि तासाभरात तपासली जाईल अशा ठिकाणी द्यावी. जवळ छोटी लॅब असेल आणि तिथे स्वतः मायक्रोस्कोपवर बसणारं माणूस असेल, तर या एका तपासणीसाठी मी त्या लॅबला चकचकीत यंत्राच्या लॅबपेक्षा वर ठेवेन.

याच गाळात 'पस सेल्स' म्हणजे पांढऱ्या पेशीही दिसतात आणि तिथे हमखास गफलत होते. पस सेल्स वाढल्या म्हणजे लघवीचा संसर्ग, हे समीकरण इतकं पक्कं बसलं आहे की मुलाला त्यावर अँटिबायोटिक सुरू होतं आणि रक्तदाब बघायचा राहतो. सुजलेल्या गुंत्यात पांढऱ्या पेशी जमतात हे वर सांगितलं; त्यातल्याच काही लघवीत येतात. कल्चर केलं तर जंतू वाढत नाहीत. अंगावर सूज, चहासारखी लघवी आणि कल्चर निगेटिव्ह, तर तो लघवीचा संसर्ग नव्हे.

प्रथिनं, म्हणजे रिपोर्टवरचं 'अल्ब्युमिन' किंवा 'प्रोटीन', बहुधा 'एक अधिक' किंवा 'दोन अधिक' (+ किंवा ++) असतं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली अंगावर सूज, लघवीत प्रथिन आणि बिघडलेलं मूत्रपिंड यांचा संबंध मांडला, तेव्हा त्यांची तपासणी इतकीच होती की चमच्यात लघवी घ्यायची, मेणबत्तीवर धरायची आणि ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठते का ते बघायचं. आज एकदाच दिलेल्या लघवीतून प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढतात. मोठ्या मुलांत ते ०.२ च्या आत असावं. २ च्या वर गेलं तर प्रथिन फारच गळतं आहे. या आजारात थोड्याच मुलांमध्ये ते तिथवर जातं, आणि गेलं तर डॉक्टर जास्त सावध होतात.

रक्तातले आकडे, आणि एक फसवा 'नॉर्मल'

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज निघणारा कचरा. मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. गाळणं मंदावलं की रक्तात तो वाढतो. इथे एक गोष्ट मला तळमळीनं सांगायची आहे, कारण यात मुलं फसतात. पुष्कळ रिपोर्टांवर शेजारच्या रकान्यात मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते, ०.६ ते १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वगैरे. आठ वर्षांच्या मुलीचे स्नायू ते किती? तिचं नेहमीचं क्रिएटिनिन ०.४-०.५ च्या आसपास असतं. रिपोर्टवर १.० आलं, आकडा ठळक नाही, सगळे निर्धास्त. प्रत्यक्षात ते दुप्पट झालेलं असतं.

हिशोब करून बघू. मुलांसाठी एक सोपं सूत्र वापरतात: उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिला ०.४१३ नं गुणायचं आणि क्रिएटिनिननं भागायचं. मुलगी १२५ सेंटिमीटर उंच असेल आणि क्रिएटिनिन ०.५ असेल, तर उत्तर येतं १०३. म्हणजे गाळण्याचा वेग उत्तम. क्रिएटिनिन १.० झालं की तेच उत्तर ५२ वर येतं. आकडे रोज बदलत असताना हे सूत्र काटेकोर चालत नाही, पण 'नॉर्मल' छापलेल्या आकड्याच्या मागे किती मोठी घसरण लपू शकते ते यावरून दिसतं. मुलाच्या रिपोर्टवर वयानुसार मर्यादा छापली आहे का, हे लॅबला जरूर विचारा.

बाकीच्या तपासण्यांवर थोडक्यात नजर टाकते. हिमोग्लोबिन एखाद-दुसऱ्या ग्रॅमनं कमी येतं, ते अंगात साठलेल्या पाण्यामुळे पातळ झालेलं असतं. लोहाची बाटली सुरू करायची गरज नाही. सोडियमही त्याच कारणानं उतरतं. पोटॅशियम मात्र गंभीरपणे घ्यायचं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रक्त काढताना मूल हात झटकतं, सुईतून रक्त जोरात ओढलं जातं, पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, असंही होतं. म्हणून अनपेक्षित मोठा आकडा आला तर ताबडतोब पुन्हा नमुना घेतात. तो पुन्हा नमुना मागितला म्हणून रागावू नका. सोनोग्राफीत मूत्रपिंडं बहुधा नेहमीच्या आकाराची किंवा किंचित मोठी दिसतात. सुकलेली, लहान दिसली तर दुखणं जुनं आहे.

मुलाला धाप लागली, डोकं खूप दुखू लागलं, उलट्या, झापड किंवा झटका आला, तर रिपोर्टची वाट बघायची नाही. वाढलेला रक्तदाब आणि साठलेलं पाणी हाच या आजारातला पहिल्या आठवड्यातला खरा धोका आहे. तेव्हा थेट रुग्णालय.

एएसओ: मागच्या पावलांचा ठसा

मूत्रपिंड सुजलं आहे हे लघवीनं सांगितलं. ते स्ट्रेप्टोकोकसमुळेच का, हे कसं कळणार? घशाचा कल्चर करायला गेलं तर तोवर जंतू बहुधा निघून गेलेला असतो. जेमतेम चौथ्या हिश्श्यातल्या रुग्णांमध्ये तो सापडतो. चोर पळालेला, म्हणून पावलांचे ठसे शोधायचे. हा जंतू स्ट्रेप्टोलायसिन-ओ नावाचं, तांबड्या पेशी फोडणारं विष सोडतो आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ती मोजायची तपासणी म्हणजे एएसओ टायटर. ई. डब्ल्यू. टॉड यांनी १९३२ साली ही प्रतिपिंडं दाखवून दिली आणि तेव्हापासून ही तपासणी चालू आहे.

संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांत एएसओ वाढायला लागतो, तीन ते पाच आठवड्यांत शिखरावर जातो आणि पुढे काही महिन्यांत हळूहळू उतरतो. मोठ्यांसाठी साधारण २०० युनिटपर्यंत ठीक धरतात. शाळेत जाणाऱ्या मुलांचे घसे वर्षातून दोनदा-तीनदा धरतात, त्यामुळे त्यांच्यात निरोगी असतानाही तो आकडा वर असतो. म्हणून एकच एएसओ ३५० आला यावरून फार काही ठरत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा केला आणि तो चांगलाच चढला किंवा उतरला, तर संसर्ग नुकताच होऊन गेला असं ठामपणे म्हणता येतं. साध्या लॅटेक्स पद्धतीत आकडे २००, ४००, ८०० असे दुपटीच्या पायऱ्यांनी येतात. एका पायरीचा फरक तपासणीच्या चुकीतही बसतो, दोन पायऱ्यांचा बसत नाही.

एएसओ वाढला म्हणजे किडनीचा किंवा सांध्यांचा आजार झाला, असं मात्र मुळीच नाही. जंतू कधीतरी येऊन गेला, एवढंच तो सांगतो. पाय दुखतात म्हणून एएसओ केला, तो ४०० आला आणि संधिवातज्वर (याच जंतूनंतर सांधे आणि हृदय धरणारा आजार) ठरवून मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनची दुखरी इंजेक्शनं सुरू झाली, असं आपल्याकडे घडतं. हृदय आणि सांधे नीट तपासल्याशिवाय नुसत्या या आकड्यावर वर्षानुवर्षांचा उपचार ठरवू नये, हे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

उलट बाजूही आहे. एएसओ नॉर्मल आला म्हणजे जंतू आला नव्हता, असंही नाही. अँटिबायोटिक लवकर सुरू झालं असेल तर प्रतिपिंडं कमी तयार होतात. आणि संसर्ग कातडीचा असेल तर एएसओ हमखास दगा देतो. कातडीतली स्निग्ध द्रव्यं त्या विषाला तिथेच धरून ठेवतात, निकामी करतात, आणि शरीराला त्याची पुरेशी ओळखच होत नाही. अशा वेळी अँटी-डीएनेज-बी नावाची दुसरी तपासणी करतात. ती जंतूच्या वेगळ्या स्रावाविरुद्धची प्रतिपिंडं मोजते, कातडीच्या संसर्गातही वाढते आणि जास्त दिवस वाढलेली राहते. ती प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. तेवढी कळ काढावी.

कातडीच्या वाटेनं येणारा हा आजार आपल्याला परका नाही. खरूज झाली, मूल खाजवतं, नखांनी कातडी फाटते, फोडांत पू होतो, वर मधाच्या रंगाची खपली धरते. त्या पुवात हा जंतू असतो. एका अंथरुणावर चार भावंडं झोपतात तिथे, वसतिगृहांत, आश्रमशाळांत खरूज एकाला झाली की सगळ्यांना होते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या आदिवासी वस्त्यांत हेच चक्र दिसतं आणि नॉर्दर्न टेरिटरीमध्ये हा मूत्रपिंडाचा आजार सरकारला कळवावाच लागतो. त्रिनिदादमध्ये १९६० च्या दशकात कातडीच्या संसर्गातून साथी आल्या. अमेरिकेतल्या मिनेसोटात, रेड लेक या मूळ रहिवाशांच्या वस्तीत १९५३ साली साथ आली आणि तिथे सापडलेला जंतूचा प्रकार त्या गावाच्याच नावानं ओळखला गेला. ब्राझीलमधल्या नोव्हा सेराना गावात १९९७-९८ मध्ये तर घसाही नाही आणि कातडीही नाही, न तापवलेल्या दुधाच्या चीजमधून जनावरांच्या स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला आणि शेकडो माणसांची मूत्रपिंडं सुजली. आपल्या घरी दूध उकळूनच घेतात, त्याचं मोल अशा वेळी कळतं.

सी-थ्री: भांडारातली पोती

आता त्या तपासणीकडे येते जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

रक्तात 'कॉम्प्लिमेंट' नावाच्या प्रथिनांचा एक ताफा फिरत असतो. मराठीत त्यांना पूरक प्रथिनं म्हणता येईल. प्रतिपिंडं जंतूवर खूण करतात, ही प्रथिनं त्याला मारायला मदत करतात आणि पांढऱ्या पेशींना हाका मारतात. बहुतेक यकृतात तयार होतात आणि वापरली की संपतात. त्यातलं सर्वांत जास्त प्रमाणात असलेलं म्हणजे सी-थ्री. लग्नघरात भांडाराच्या खोलीत तांदळाची पोती किती उरली यावरून किती पंगती उठल्या ते कळतं, तसं रक्तातल्या सी-थ्रीवरून आत किती झटापट चालली आहे याचा अंदाज येतो. साधारण ९० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही नेहमीची पातळी. लॅबनुसार थोडी मागेपुढे. स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या मूत्रपिंडाच्या सुजेत दहांपैकी नऊ रुग्णांमध्ये ती पहिल्या दोन आठवड्यांत उतरलेली सापडते, बऱ्याचदा निम्म्याहून खाली.

सोबत सी-फोर करतात, तेही सांगते. ही प्रथिनं कामाला लागण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. एका वाटेवर सी-फोर आणि सी-थ्री दोन्ही खर्च होतात, दुसऱ्या वाटेवर फक्त सी-थ्री. या आजारात मुख्यतः दुसरी वाट वापरली जाते. त्यामुळे सी-थ्री खाली आणि सी-फोर जवळपास नॉर्मल, अशी जोडी दिसते. दोन्ही खोल उतरलेली असतील तर ल्युपसचा, म्हणजे प्रतिपिंडं स्वतःच्याच शरीरावर उलटतात त्या आजाराचा, विचार करावा लागतो, आणि त्यासाठी अशी प्रतिपिंडं शोधणाऱ्या एएनए वगैरे तपासण्या पुढे येतात. सी-थ्री मुळीच उतरलेला नाही आणि घसा दुखल्यावर एक-दोन दिवसांतच लघवी लाल झाली, तर तो बहुधा आयजीए नेफ्रोपॅथी नावाचा निराळा आजार असतो. दिवसांचं अंतर इथेही निर्णय देतं.

पण सी-थ्रीची खरी किंमत पहिल्या तपासणीत नाही. ती दुसऱ्यांदा करण्यात आहे. या आजारात झटापट थोड्या दिवसांत थांबते, यकृत नवी पोती भरत राहतं आणि सहा ते आठ आठवड्यांत पातळी पूर्ववत होते. ती तशी झाली की निदान पक्कं होतं. आठ आठवडे, बारा आठवडे उलटूनही सी-थ्री खालीच असेल, तर भांडार भरत का नाही? आत अजून पंगती चालू आहेत. म्हणजे हा येऊन जाणारा आजार नव्हेच. सी-थ्री ग्लोमेरुलोपॅथीसारखं (यात पूरक प्रथिनांचाच लगाम सुटून ती गाळणीत साचत राहतात) किंवा ल्युपससारखं टिकून राहणारं काहीतरी आहे, आणि घशाच्या दुखण्यानं फक्त त्याचा पडदा उघडला. दोन्हींची सुरुवात हुबेहूब सारखी दिसू शकते. पहिल्या दिवसाचा रिपोर्ट त्यांना वेगळं करू शकत नाही, दुसरा सी-थ्री करतो.

आणि नेमकी हीच तपासणी राहून जाते. मुलीची सूज आठ-दहा दिवसांत उतरलेली असते, लघवीचा लाल रंग गेलेला असतो, क्रिएटिनिन तीन-चार आठवड्यांत जागेवर येतं. ती अंगणात खेळते आहे. तिला पुन्हा सुई का टोचायची, हे आजीला पटत नाही, वडिलांना रजा मिळत नाही, लॅब तालुक्याला असते. मी कुणालाच दोष देत नाही. पण जमलं तर आठव्या आठवड्याची तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दूधवाल्याचे खाडे लिहिता त्याच कॅलेंडरवर.

दुसऱ्या सी-थ्रीनं शंका वाढवली, किंवा क्रिएटिनिन दिवसागणिक चढतच गेलं, किंवा प्रथिन फार गळत राहिलं, तर मूत्रपिंडाचा बारीक तुकडा सुईनं काढून तपासतात, म्हणजे बायॉप्सी. एरवी मुलांमध्ये ती लागत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या आजारात गाळणीच्या बाहेरच्या बाजूला उंटाच्या पाठीवरच्या मदारीसारखे उंचवटे दिसतात, प्रतिपिंडांच्या त्या लगद्याचे. बायॉप्सी या शब्दाला घराघरांत कॅन्सरची भीती चिकटलेली आहे. इथे तिचा कॅन्सरशी काही संबंध नाही, हे समोर बसलेल्या आईला आधी सांगावं, मग फॉर्मवर सही मागावी.

मोठ्यांची गोष्ट वेगळी

साठी उलटलेला माणूस, पंधरा वर्षांचा मधुमेह, पायाला न भरणारी जखम आणि लघवीत रक्त व प्रथिन, क्रिएटिनिन वाढतंय. इथे घसा आणि एएसओ यांच्या मागे लागून उपयोग नसतो. मोठ्यांमध्ये बऱ्याचदा जंतू स्टॅफिलोकोकस असतो आणि तो गेलेला नसतो. मूत्रपिंड सुजतं तेव्हा जखमेत, हाडात किंवा हृदयाच्या झडपेवर तो हजर असतो. म्हणून रक्ताचं कल्चर, जखमेचं कल्चर, गरज पडल्यास हृदयाची इको तपासणी महत्त्वाची. सी-थ्री उतरलेला असेलच असं नाही. आणि लपलेला संसर्ग न शोधता सूज दाबायला स्टेरॉइड दिलं तर जंतूला मोकळं रान मिळतं. मोठ्यांचं मूत्रपिंड मुलांइतकं पटकन सावरत नाही, मधुमेह असेल तर आणखी कमी. मुलांबद्दल वर लिहिलेला धीर त्यांना तसाच्या तसा लागू करू नये.

पुन्हा त्या मुलीकडे. आठव्या आठवड्यात सी-थ्री नॉर्मल आला. लघवीतलं प्रथिन साधारण सहा महिन्यांत जातं. तांबड्या पेशी मात्र चिवट असतात. डोळ्यांना लघवी पाण्यासारखी दिसते आणि मायक्रोस्कोपखाली आठ-दहा पेशी दिसत राहतात, कधी वर्षभर, कधी त्याहून थोडं जास्त. त्या रिपोर्टवर 'आरबीसी ८-१०' ठळक छापलेलं येईल. रक्तदाब ठीक असेल, प्रथिन नसेल, क्रिएटिनिन वयाला शोभेल असं असेल, तर त्या ठळक आकड्यासाठी कोणतंही औषध लागत नाही. दर काही महिन्यांनी लघवी आणि रक्तदाब बघत राहायचं, आणि प्रत्येक वेळी जुनी फाइल सोबत न्यायची, पहिल्या दिवसाच्या रिपोर्टासकट.